वजन बरोबर, तरी दर सेटलमेंटला कपात: हळद आणि कुरडयांच्या पार्सलांचं दुखणं कुठे सापडलं

ऑनलाइन पोर्टलवर माल विकताना विक्रेत्याचं जे खातं उघडतं, त्या पॅनेलवर ‘वजन तफावत’ या नावाखाली पैसे कापले जातात. आपण तक्रार टाकतो. कधी पैसे परत मिळतात, कधी तक्रार फेटाळली जाते, आणि पुढच्या सेटलमेंटला, म्हणजे पोर्टल विक्रीचे पैसे चुकते करतं तेव्हा, तीच ओळ पुन्हा हजर असते. ज्यांना हा त्रास सारखा होतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे हा त्रास जवळपास वर्षभर चालला. आधी आम्ही पोर्टलला दोष दिला, मग कुरिअरवाल्याला, मग आमच्या वजनकाट्याला. शेवटी कळलं की एकाच नावाच्या कपातीमागे आमच्याकडे चार वेगवेगळी कारणं होती, आणि आम्ही सगळ्यांवर एकच औषध लावत होतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. हळद थोडी आमच्या वावरातली, बाकीची शेजारच्या शेतकऱ्यांची. दळून येते हिंगणघाटच्या गिरणीतून. कुरडया गावातल्याच बाया उन्हाळ्यात करतात, जवसाची चटणी एका बचत गटाकडून येते. पिशवीवरचं नाव आणि लेबल मात्र आमचं. म्हणजे माल अनेकांच्या हातचा, जबाबदारी एका नावाची. कपात झाली की ती सोसावी लागते आम्हाला, पण पुढच्या वेळी कुरडयांचा भाव देताना हात आखडला तर ती त्या बायांपर्यंत पोचते. म्हणून या शंभर-दीडशे रुपयांच्या ओळींकडे दुर्लक्ष करू नका असं मी कळकळीने सांगते.

आधी वजनाची कपात बाकीच्यांपासून वेगळी काढा

सेटलमेंटमध्ये पैसे कमी आले म्हणजे ते वजनामुळेच कमी आले असं नसतं. सासूबाईंनी एकदा विचारलं, “काहून वं, एवढे डबे पाठवले अन् पैसे इतकेच काहून आले?” तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. त्या रात्री बसून प्रत्येक ओळ वेगळी केली.

पोर्टलच्या कमिशनवर आणि वाहतूक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ती वजनाची कपात नव्हे. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं (आपण भरायच्या जीएसटीतून तेवढं वजा होतं), म्हणून पोर्टलची बिलं दर महिन्याला उतरवून ठेवा. दुसरी ओळ टीसीएसची, म्हणजे पोर्टल आपल्या विक्रीवर जीएसटीपोटी कापून सरकारकडे भरतं त्या रकमेची. १० जुलै २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर आला आहे. ही रक्कम बुडत नाही, जीएसटीच्या तुमच्या रोख खात्यात येते, फक्त तिथे जाऊन ती स्वीकारावी लागते. तिसरी ओळ आयकराच्या टीडीएसची (आयकरापोटी आधीच कापलेली रक्कम), जी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. विक्रेता व्यक्ती असेल, पॅन दिलेला असेल आणि त्या पोर्टलवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर ही कपात होत नाही.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, ते आजचं दुखणं.

भाडं कोणत्या वजनावर लागतं

पार्सलला दोन वजनं असतात. एक काट्यावरचं. दुसरं जागेचं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. या दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर भाडं. बहुतेक ठिकाणी भाडं ५०० ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढतं. ५०० ला एक दर, ५०१ ला पुढचा. मधलं काही नाही. तुमच्या पोर्टलच्या दरपत्रकात हा भाजक आणि या पायऱ्या एकदा स्वतः वाचून घ्या.

कुरिअरच्या हबवर, म्हणजे पार्सलं गोळा होऊन पुढे जातात त्या केंद्रावर, पार्सल पट्ट्यावरून जातं, काटा वजन घेतो आणि कॅमेरा किंवा लेझर बाहेरचं माप घेतो. सगळ्यात बाहेर आलेलं टोक धरलं जातं. टेपचं लोंबतं टोक, कुरिअर बॅगची वळलेली कड, फुगलेलं झाकण, सगळं मापात येतं. गोल बरणी पाठवली तरी ती बसेल तेवढा चौकोन मोजला जातो.

ओळींची रांग लावा, तिथेच निदान होतं

वहीत किंवा एक्सेलमध्ये मागच्या दोन महिन्यांच्या कपाती लिहा. ऑर्डरची तारीख, माल, आपण सांगितलेलं वजन, त्यांनी लावलेलं वजन. एवढ्या चार रकान्यांत बहुतेक वेळा उत्तर सापडतं. आमच्याकडे जे दिसलं ते असं.

एका मालाच्या सगळ्याच ऑर्डरींवर कपात असेल, तर आपण नोंदवलेली माहिती किंवा आपला खोकाच चुकीचा आहे. तक्रार करून उपयोग नाही, हबचं माप खरं आहे.

एकाच मालाच्या काही ऑर्डरींवर कपात आहे आणि काहींवर नाही, तर पार्सल पायरीच्या काठावर उभं आहे. थोडा धक्का लागला की पलीकडे जातं.

एका ठराविक तारखेपासून अनेक मालांवर एकदम कपात सुरू झाली, तर त्या दिवशी पॅनेलवर काहीतरी बदललं आहे. बहुतेक वेळा आपल्याच हातून.

आणि महिन्यातून एखादी ऑर्डर, तीही भलत्याच आकड्याची, म्हणजे ४८० ग्रॅमच्या पार्सलला ३ किलो, तर ती हबची चूक. तक्रार टाकायची ती अशाच ओळींसाठी. आम्ही आधी सगळ्यांसाठीच टाकत होतो. त्यात खऱ्या तक्रारीही फेटाळल्या जायच्या.

हळदीची पहिली चूक: निव्वळ वजन टाकलं होतं

हळदीचं पाकीट ५०० ग्रॅमचं होतं. लिस्टिंग, म्हणजे पोर्टलवरची मालाची नोंद, भरताना पार्सलच्या वजनाच्या रकान्यातही मी ५०० लिहिलं. लेबलवर निव्वळ वजन लिहायचं असतं, आणि भाड्यासाठी भरलेल्या, चिकटवलेल्या, पत्त्याचा कागद लावलेल्या खोक्याचं. पाऊच ९ ग्रॅम, खोका ६५, बबल रॅप, टेप, बिल मिळून आणखी १४. बेरीज ५८८. म्हणजे ते पार्सल पहिल्या दिवसापासून एक किलोच्या पायरीत होतं, आणि आम्ही किंमत ठरवली होती पाचशेच्या पायरीचं भाडं धरून. प्रत्येक पाकिटावर नुकसान होत होतं आणि आम्ही खप वाढला म्हणून आनंदात होतो.

यावर दोन वाटा होत्या. किंमत वाढवायची, किंवा पाकीट ४०० ग्रॅमचं करायचं. आम्ही दुसरी घेतली. पाचशेच्या पायरीत बसणारं पाकीट विकत घेणाऱ्यालाही स्वस्त पडतं, कारण त्याने दिलेल्या पैशांतला मोठा भाग मग भाड्यात जात नाही.

पाकिटाचं वजन बदलायचं ठरवलं तर हे लक्षात असू द्या. जुन्या लिस्टिंगवर गुपचूप ५०० चं ४०० करू नका. तो ग्राहकाचा विश्वासघात आहे, आणि निव्वळ वजन बदललं की बारकोडचा क्रमांकही नवा घ्यावा लागतो. ८९० ने सुरू होणारे आपले बारकोड ज्या संस्थेकडून घेतो, तिचाच हा नियम आहे. नव्या लेबलवर निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि पत्ता, १४ अंकी अन्नसुरक्षा क्रमांक हे सगळं हवंच. शिवाय प्रति ग्रॅम विक्री किंमतही छापावी लागते. १४० रुपयांचं ४०० ग्रॅमचं पाकीट असेल तर प्रति ग्रॅम ०.३५ रुपये. जुनी छापलेली पाकिटं उरली म्हणून वर चिठ्ठी चिकटवून पाठवण्याचा मोह होतो. करू नका, ती पाकिटं गावच्या बाजारात ५०० ग्रॅमची म्हणूनच विका.

लेबल नव्याने करतच आहात तर आणखी एक गोष्ट. आमच्याच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण त्याच तालुक्यात राहतो, हळदही तिथलीच, म्हणून ते मानांकनाचं चिन्ह लगेच पिशवीवर छापावंसं वाटतं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. ती होईपर्यंत आम्ही चिन्ह छापलेलं नाही.

खोक्याचं माप आतून की बाहेरून

४०० ग्रॅमच्या पाकिटासाठी नवे खोके मागवले. खोकेवाल्याने विचारलं, काय साइज? मी वहीत हिशेब करून ठेवला होता: २२ × १६ × ६. गुणाकार २११२, भागिले ५०००, म्हणजे सुमारे ४२२ ग्रॅम. पाचशेच्या आत, आरामात. पाचशे खोके घेतले. आणि पुढच्या सेटलमेंटला प्रत्येक ऑर्डरवर एक किलोचं भाडं.

काटा तपासला, पाकीट तपासलं, सगळं ठीक. मग माझ्या मुलाने शाळेची पट्टी आणून भरलेला, बंद केलेला खोका मोजला. २२.६, १६.६ आणि उंची ७.२. खोकेवाले माप आतलं सांगतात. पुठ्ठ्याची जाडी बाहेरून जमा होते. थ्री प्लायचा (तीन पदरी) पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर जाड. लांबी-रुंदीत दोन्ही बाजूंचे मिळून ६ मिलिमीटर वाढतात. पण उंचीत वरच्या दोन घड्या आणि खालच्या दोन घड्या, म्हणजे पुठ्ठ्याचे चार थर येतात, १२ मिलिमीटर. आता गुणाकार करा: २२.६ × १६.६ × ७.२ म्हणजे सुमारे २७००. भागिले ५०००, ५४० ग्रॅम. पहिली पायरी गेली.

उंचीचा हा १२ मिलिमीटरचा हिशेब मला कोणी आधी सांगितला असता तर ते पाचशे खोके वाया गेले नसते. आता ते जवसाच्या चटणीच्या दोन-दोन बरण्यांच्या ऑर्डरींना वापरतो, त्या तशाही एक किलोच्या पायरीत जातात.

नवा खोका आतून २० × १५ × ६ घेतला. बाहेरून २०.६ × १५.६ × ७.२, म्हणजे सुमारे ४६३ ग्रॅम. यात मुद्दाम थोडी मोकळीक ठेवली आहे. झाकण अर्धा सेंटिमीटर फुगलं आणि उंची ७.७ झाली तरी ४९५ होतात. तुम्ही खोका ठरवाल तेव्हा बंद खोक्याच्या मापात उंचीला अर्धा सेंटिमीटर जास्त धरून हिशेब करा. तरीही पायरीच्या आत राहिला तरच तो खोका घ्या. आणि पाचशे मागवण्याआधी दहा मागवून, भरून, बंद करून मोजा.

खोक्यावर परत कुरिअर बॅग चढवत असाल तर तिच्या कडा घट्ट दुमडून टेप लावा. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळी राहिलेली बॅग सगळी मेहनत घालवते. आम्ही हळदीच्या खोक्यावर बॅग लावणंच बंद केलं.

एक साधी चूकही इथेच सांगून टाकते. पॅनेलवर मापाशेजारी एकक निवडायचं असतं. सेंटिमीटरऐवजी इंच राहून गेलं तर २५ × २० × १० चा खोका साडेसोळा किलोच्या आसपास जातो. आकडा अगदीच अविश्वसनीय दिसला तर आधी तिथे बघा.

कुरडया: जागा खाणारा माल

हळदीचं दुखणं पुठ्ठ्याच्या जाडीत होतं. कुरडयांचं वेगळं. अडीचशे ग्रॅम कुरडया म्हणजे केवढ्या दिसतात ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. टोपलंभर. तुटू नयेत म्हणून आम्ही त्या मोठ्या खोक्यात, भोवती कागदाचे बोळे घालून पाठवायचो. खोका बाहेरून ३० × २५ × १५. आकडा ११२५०, म्हणजे २.२५ किलो, म्हणजे अडीच किलोची पायरी. अडीचशे ग्रॅम मालाला अडीच किलोचं भाडं. आणि पॅनेलवर आम्ही लिहिलं होतं ४५० ग्रॅम, कारण काट्यावर तेवढंच भरत होतं.

खोका लहान करणं हा उपाय लगेच सुचतो, पण लहान खोक्यात कोंबल्या तर चुरा होतो. चुऱ्याच्या तक्रारीवर माल परत येतो, आणि बऱ्याच पोर्टलांवर परतीच्या भाड्यालाही तीच पायरी लागते. म्हणजे एका बाजूचं वाचवून दुसऱ्या बाजूला दुप्पट द्यायचं.

मार्ग काढला तो कुरडया करणाऱ्या एका मावशींनी. त्या म्हणाल्या, आडव्या काहून ठेवता, बांगड्या ठेवतो तशा उभ्या लावा. आडव्या कुरडयांवर वरच्यांचं वजन येतं आणि खालच्या तुटतात. उभ्या लावल्या की एकमेकींना आधार मिळतो. पण त्यासाठी कुरडया एका मापाच्या पाहिजेत. म्हणून या वैशाखात सोऱ्यातून प्लॅस्टिकच्या कागदावर घालताना एका झाकणाच्या मापाने वेढे घेतले. सुरुवातीला बायांना हे जाचक वाटलं, कारण हात मोकळा चालतो तेव्हा काम भराभर होतं. आठवड्याभरात हात बसला. एकसारख्या कुरडयांना त्यांनी किलोमागे जास्त भाव मागितला आणि तो रास्त होता. आम्ही दिला.

आता खोका बाहेरून २४ × १८ × ११. आकडा ४७५२, म्हणजे ९५० ग्रॅम. एक किलोची पायरी. आणि या खोक्यात उभ्या रांगांत अडीचशे नाही, पाचशे ग्रॅम बसतात. अडीचशेचं पाकीट पोर्टलवरून काढूनच टाकलं. भाडं एक किलोचंच द्यायचं असेल तर ती जागा मालाने भरा, हवेने भरू नका. ज्यांच्याकडे पापड, शेवया, सरगुंडे, मूगवड्या असा हलका आणि फुगीर माल आहे त्यांनी आधी खोका ठरवावा, आणि त्यात न तुटता किती बसतं ते पाहून पाकिटाचं वजन ठरवावं. आम्ही उलटं केलं होतं.

पिशवीत हवा भरून माल वाचवण्याची पद्धत चिप्सवाल्यांना परवडते, कारण त्यांचा माल ट्रकने दुकानात जातो. आपलं एकेक पाकीट एकेकट्याने प्रवास करतं. पाऊच सील करताना तळहाताने हवा काढा.

कधी कापतात, कधी नाही

हळदीचा खोका बदलल्यावर उन्हाळाभर एकही कपात आली नाही. जुलैपासून पुन्हा सुरू झाली, पण दहात तीन-चार ऑर्डरींवर. हे सगळ्यात चिवट निघालं.

पार्सलचं वजन मे महिन्यात भरत होतं ४८८ ग्रॅम. जुलैत घरच्या काट्यावर काही पार्सलं ४९४ दाखवत होती, काही ५०१. दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली ओल. हळद लॅमिनेट पाऊचमध्ये बंद असते, तिला काही होत नाही. हळद पावडरीत ओल १० टक्क्यांच्या वर नको असा नियमच आहे, त्यामुळे ते आम्ही सांभाळतो. पण पुठ्ठा मोकळा असतो. पावसाळ्यात तो हवेतली ओल पितो. आमचे खोके पडवीत भिंतीला टेकून ठेवलेले होते. पाच-सहा ग्रॅम तिथे वाढले.

दुसरी गोष्ट सांगताना मला जरा जड जातं. पाकिटं भरायला सासूबाई बसतात. त्यांचं म्हणणं, “मापात खोट नाई पाहिजे. चिमूटभर वर गेलं त गेलं.” काटा ४०० दाखवला की त्या वर एक चिमूट टाकायच्या. चिमूट म्हणजे सहा-सात ग्रॅम. त्यांच्या आयुष्यभराच्या व्यवहाराची ही रीत आहे, आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. मी त्यांना हिशेब करून दाखवला की त्या चिमटीची हळद दोन-अडीच रुपयांची, पण ती ओलाव्याच्या ग्रॅमांत मिळाली की भाड्याची एक आख्खी पायरी वर चढते, आणि ते पैसे ना ग्राहकाला मिळतात ना आपल्याला. त्यांनी खूप वेळ विचार केला. मग म्हणाल्या, दोन ग्रॅम तरी वर राहू दे. आता पाकीट ४०२ चं भरतं. कोणाचं पाकीट कमी भरत नाही, आणि त्यांच्या मनालाही ते पटतं.

खोके आता घराच्या आत, जमिनीपासून वर फळीवर, प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत तोंड बांधून ठेवतो. लागतील तेवढेच बाहेर काढतो. पावसाळ्यात बबल रॅपही एक वेढा कमी केला.

काट्याबद्दल थोडं. काटा सपाट जागी हवा, पंखा बंद हवा, बॅटरी उतरलेली नको. वीज येत-जात असेल तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर आधी मोकळा काटा शून्य दाखवतो का ते पाहा. किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं ५०० ग्रॅमचं लोखंडी माप आठवड्यातून एकदा ठेवून बघा. विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावाच लागतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर धंदा चालवू नका.

दुरुस्त केलेलं परत बिघडतं, त्याचं कारण

ऑगस्टच्या मध्यावर एकदम अकरा लिस्टिंगवर कपात आली. ज्या मालावर कधीच त्रास नव्हता, त्याच्यावरही. तारखांची रांग लावली तेव्हा दिसलं की सगळ्या ऑर्डरी एका सोमवारनंतरच्या होत्या. त्या सोमवारी राखीच्या सवलतीसाठी माझ्या नवऱ्याने किमती बदलल्या होत्या. एकेक लिस्टिंग उघडत बसण्यापेक्षा त्यांनी मार्चमध्ये उतरवून ठेवलेली एक्सेल फाइल घेतली, किमतीचा रकाना बदलला आणि फाइल परत चढवली. त्या जुन्या फाइलमध्ये पार्सलची मापं आणि वजनंही जुनीच होती. किमतीबरोबर तीही परत गेली. जूनमध्ये केलेली सगळी दुरुस्ती पुसली गेली.

‘दर वेळी दुरुस्त करतो, दर वेळी परत येतं’ असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी आधी हे तपासा. आता आमच्याकडे नियम असा की फाइल त्याच दिवशी पॅनेलवरून ताजी उतरवायची, आणि किंमत बदलायची असेल तर किमतीची वेगळी छोटी फाइल असते तीच वापरायची. चढवल्यावर तीन लिस्टिंग उघडून पार्सलचं माप डोळ्यांनी पाहायचं. त्या फाइलमध्ये मालाचं माप आणि पार्सलचं माप असे दोन वेगळे गट असतात, नावं जवळजवळ सारखी. पाकिटाची उंची पार्सलच्या रकान्यात गेली तरी हाच त्रास होतो.

दोन पाकिटांचा जोड विकत असाल तर तिथेही पाहा. जोड तयार करताना पोर्टल कधीकधी एका पाकिटाचं माप तसंच उचलतं.

तक्रार कधी आणि कशी

एवढं सगळं केल्यावर आमच्याकडे तक्रार करण्यासारख्या ओळी महिन्याला दोन-तीन उरतात. आमच्या पहिल्या चार तक्रारी फेटाळल्या गेल्या, कारण फोटोंमध्ये खोका होता, काटा होता, पण ते पार्सल तेच आहे याचा पुरावा नव्हता. आता पत्त्याचा कागद चिकटवल्यावर फोटो काढतो. एक फोटो खोका काट्यावर, वजनाचा आकडा आणि कागदावरचा ट्रॅकिंग क्रमांक दोन्ही एकाच चौकटीत वाचता येतील असा. मग लांबी, रुंदी, उंचीला मोजायची टेप लावून तीन फोटो, त्यातही क्रमांक दिसला पाहिजे. टेपचं शून्य टोकाला टेकलेलं दिसू द्या. फोटोंना ट्रॅकिंग क्रमांकाचंच नाव देऊन तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

तक्रारीत मोठी कहाणी लिहू नका. नोंदवलेलं वजन, लावलेलं वजन, काट्यावरचं वजन, मापं, सोबत चार फोटो. एवढंच. तक्रारीची मुदत प्रत्येक पोर्टलवर वेगळी असते आणि ती थोडक्या दिवसांचीच असते. आमच्या गावात नेटवर्क धड नसतं, फोटो चढता चढत नाहीत. त्यामुळे पार्सलं द्यायला जामच्या चौरस्त्यावर जातो तेव्हाच तिथे बसून त्या आठवड्याच्या तक्रारी टाकून देतो.

रोज प्रत्येक पार्सलचे फोटो काढणं जड जात असेल, तर ज्या मालाचं पार्सल पायरीच्या २० ग्रॅम आत आहे तेवढ्याचे तरी काढा. आमच्याकडे ती फक्त हळद आहे. कुरडयांचा खोकाही ९५० वर, पायरीपासून ५० ग्रॅम दूर आहे, पण दिवाळीपर्यंत आम्ही त्याचेही काढणार आहोत. नवे खोके वेगळ्या कारखान्यातून येत आहेत आणि त्यांचा पुठ्ठा पाव मिलिमीटरने जास्त जाड आहे.